दोन पिच्चर आणि एक लेकरू

अकोल्याच्या भागीरथाबाईंना सिनेमाचं भारी वेड होतं, आणि त्या वेडाची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. सिनेमा पाहणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी झोपणं, असं त्यांचं मत. टॉकीजमधून घरी आल्या तरी दोन दिवस त्या पुरत्या जाग्या होत नसत. वरणात मीठ दोनदा पडे, भाकरी तव्यावर करपे, आणि गिरणीतून दमून आलेला त्यांचा मुलगा किसन निमूटपणे ते खाऊन घेई. आईला काही बोलून उपयोग नाही, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

त्याच सिनेमानं त्या हिवाळ्यात त्यांना गोत्यात आणलं.

झालं असं, की अकोल्यात एक विनोदी पिच्चर लागला. त्यातल्या एका सड्याफटिंग बाबूच्या पदरात आगगाडीत कुणीतरी तान्हं पोर टाकून जातं. मग तो बाबू दूध उतू घालवतो, गळ्यातल्या टायनं लंगोट बांधतो, पोर रडायचं थांबेना म्हणून शेजारणीचं लुगडं नेसून अंगाई गातो. टॉकीज हसून हसून लोळलं. भागीरथाबाईंच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. पण परत येताना गल्लीतल्या बेबीताईनं हळूच काडी टाकली.

"बुढे, हे तं तुह्या नातीचीच गोष्ट हाये. तुहा तो अमरावतीचा देवमनही लुगडं नेसते काय वं?"

बाकीच्या बायका पुन्हा हसल्या. भागीरथाबाई हसल्या नाहीत.

गोष्ट खरी होती, म्हणूनच ती लागली. त्यांची सून चतुरा पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी अमरावतीला गेली होती. माहेर म्हणजे तरी काय, आईबाप केव्हाच गेलेले, एकटा भाऊ देवमन. लग्न न झालेला आणि टॉकीजमध्ये मशीन चालवणारा. चतुरानं तिथं मुलीला जन्म दिला आणि चारच दिवसांत तापानं ती गेली. किसन तेव्हा वेड्यासारखा झाला होता, भागीरथाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. 'थोडे दिवस राहू द्या माझ्याजवळ,' असं देवमन म्हणाला आणि ते थोडे दिवस लांबत लांबत पोरगी रांगायला लागेपर्यंत लांबले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून घरात जुनी नावं ठेवायची नाहीत असं ठरलेलं, म्हणून मामानंच तिचं नाव विशाखा ठेवलं होतं.

आता किसनचं दुसरं लग्न ठरलं होतं. होणारी सून इंदू मोकळ्या मनाची होती. "लेकरू घेऊन या, मी करीन तिचं," असं तिनं आपण होऊन सांगितलं होतं. मग अडलं कुठं? कुठंच नाही. आपल्या घरचं लेकरू परक्या गावात एका बाप्याच्या हाती, आणि त्यावर लोकांनी हसावं, हे भागीरथाबाईंना खपेना. त्यांनी कापडी पिशवीत नवं झबलं, टोपरं आणि एक जाड गोधडी भरली.

"आणतो मी तिले," त्या किसनला म्हणाल्या. "बापाच्या घरी वाढन."

किसननं खाली मान घालून होकार दिला. पोरगी काय खाते, कशी झोपते, चालते की रांगते, यातलं त्यानं काही विचारलं नाही.

गाडीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर वेचून झालेली कपाशीची रानं पळत होती. ऊन मांडीवर येऊन बसलं होतं. बडनेऱ्याला गाडी बदलायची म्हणून जागं राहायचं असं ठरवूनही त्यांचा डोळा लागला, आणि झोपेत पिच्चर सुरू झाला. आधी तो लुगडं नेसलेला बाबू आला. मग त्याच्या मागून आणखी एक बाई आली, तुमानीतली. ती दुसऱ्याच पिच्चरमधली होती, मागच्या साली पाहिलेल्या. बापाचा कारखाना चालवणारी, मोटार हाकणारी, पुरुषांना दम देणारी. तिच्याही टेबलावर कुणीतरी पोर ठेवून गेलं होतं. तिलाही लंगोट बांधता आला नव्हता, तिच्याही हातून दूध सांडलं होतं.

भागीरथाबाई अर्धवट जाग्या झाल्या, आणि गाडीच्या ठेक्यावर एक विचार त्यांच्या डोक्यात डुलायला लागला. बाबूच्या हातून दूध सांडलं तेव्हा आपण हसलो. या बाईच्या हातून सांडलं तेव्हा कुणी हसलं नव्हतं. अख्ख्या टॉकीजमध्ये बायकांनी चुकचुक केली होती, आणि सगळ्यांत मोठी चुकचुक आपलीच होती! शेवटी ती तुमान टाकून लुगडं नेसली, कारखाना सोडून पाळण्याशी बसली, तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबूनं लुगडं नेसलं तर गंमत, बाईनं नेसलं तर सुटका. आणि पोर? दोन्ही पिच्चरांत पोराला काय हवं होतं, ते कुणी विचारलंच नाही. ते आपलं या हातातून त्या हातात जात होतं.

'काय बाई डोक्यात येते!' असं म्हणून त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

अमरावतीला उतरून त्या थेट टॉकीजवर गेल्या. बुधवार होता, आणि बुधवारी दुपारचा खेळ तिथं फक्त बायकांचा असे. बाप्यांना दाराबाहेर ठेवत. आत येईल तो मशीनवरचा एकटा देवमन, आणि तोही वरच्या खोलीत, भिंतीआड. दारावरच्या बाईनं सांगितलं, "खेळ चालू हाये मावशी, सुटल्यावर भेटा. तवरोक बसा आत."

आत अंधारात त्या चाचपडत बाकावर बसल्या आणि समोर पाहतात तो तोच बाबू! अकोल्याचा पिच्चर त्यांच्याआधी अमरावतीला पोचला होता. बाबू टायनं लंगोट बांधत होता. न हसण्याचा त्यांनी निश्चय केला, पण हसू काही निश्चयाला जुमानत नाही. बायकांचा खेळ म्हणजे नुसता पिच्चर नसतोच. कुणी शेंगा सोलत होती, कुणी मांडीवर पोराला पाजत होती, कुणी पडद्यावरच्या बाबूला ओरडून सांगत होती, "अरे, उलटं बांधलं बाप्पा, सुलटं बांध!" डोक्यावरून उजेडाचा लांब झोत जात होता. त्यात धूळ सावकाश तरंगत होती. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना इथं आत अशी थंडगार, निळसर रात्र. भागीरथाबाईंना वाटलं, आपण अजून गाडीतच झोपलो आहोत.

आणि वरून, पार वरून, पोराचं रडणं आलं.

पडद्यावरचं पोर तेव्हा हसत होतं. म्हणजे हे दुसरं.  बाकांवरच्या बायकांनी माना वळवून वर, झोत येतो त्या झरोक्याकडे पाहिलं.

"कोण रडून राह्यलं?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"देवमनभाऊची भाची हाये. दर बुधवारी असते." शेजारीण पुन्हा शेंगांकडे वळली.

मागून कुणीतरी मोठ्यानं हाळी दिली, "देवमनभाऊ, दात येऊन राह्यले तिले! ज्येष्ठमधाची काडी चघळाले द्या!"

"देल्ली, माय!" वरून आवाज आला. थोड्या वेळानं रडणं थांबलं. बायका परत पडद्याकडे वळल्या आणि बाबूला हसू लागल्या. भागीरथाबाईंना नवल वाटलं ते याचंच. खालच्या सगळ्याजणी त्या नकली बाप्याला हसत होत्या, आणि वरच्या खऱ्या बाप्याला मात्र एकही हसत नव्हती. त्याला आपल्यातलाच समजून उपाय सांगत होत्या.

पिच्चर संपत आला. बाबू त्या शिकलेल्या, गोऱ्या नायिकेच्या दाराशी आला. हातात पोर. आता दार उघडणार, ती पोर घेणार, लग्न ठरणार. भागीरथाबाईंना सगळं पाठ होतं. बाबूनं कडी वाजवली. पडदा क्षणभर काळा झाला.

आणि दार उघडलं ते भलत्याच ठिकाणी. समोर कारखान्याची कचेरी, तुमानीतली बाई, आणि तिच्या टेबलावर पोर! ती बाई वळली आणि तिनं सरळ भागीरथाबाईंकडे पाहिलं. भागीरथाबाई ताडकन उभ्या राहिल्या. गाडीतलं स्वप्न पडद्यावर चढलं होतं. दाराच्या अलीकडे पोर घेतलेला बाबू, पलीकडे पोर घेतलेली बाई, आणि आता कुणी कुणाला द्यायचं?

टॉकीजमध्ये एकच कल्ला झाला.

"हे कोण आली वं?"

"त्याची बहीण असन."

"अन् हे पोरगं? दोन झाले काय?"

"अवं, ते एकच हाये. आता तिच्यापाशी आलं."

"मंग तो कुठी गेला?"

भांडण रंगात आलं आणि पडदा पांढरा झाला, दिवे लागले. देवमनला चूक कळली होती. भागीरथाबाई पिशवी सावरत बाहेर आल्या आणि कुणाला न विचारता अरुंद जिना चढून गेल्या.

वर भट्टीसारखं गरम होतं. मशीनच्या खोलीला लागून रिळं गुंडाळायची लहानशी खोली होती. तिथं खिडकीजवळ जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. जमिनीवर रिळांच्या डब्यांची पत्र्याची झाकणं पसरली होती. देवमन घामाघूम होऊन डबे उघडत होता आणि त्याच्या कडेवर काळ्याभोर डोळ्यांची एक पोरगी ज्येष्ठमधाची काडी चघळत होती. डोळे अगदी चतुराचे.

देवमननं त्यांना पाहिलं. त्याची नजर त्यांच्या हातातल्या पिशवीवर गेली. पिशवीतून गोधडीचा कोपरा डोकावत होता. 

"मावशी, तुमी? बसा." मग ओशाळून म्हणाला, "हिले खेळाले झाकणं देतो मी, दुसरं काही फुटते. पिच्चरचं नाव झाकणावरच असते, घाईत ते उलटीपालटी बसवली. शुक्रवारच्या पिच्चरचं रीळ चढलं." खालून बायका ओरडत होत्या. "धरा हिले जराशी."

आणि त्यानं पोरगी त्यांच्या हातात दिली.

जिच्यासाठी आल्या होत्या ती ऊबदार, जड पोरगी अशी अचानक छातीशी आली. भागीरथाबाई झोळीजवळ टेकल्या. देवमननं रीळ चढवलं, मशीनमधल्या दिव्याचा लखलखीत जाळ पेटवला, खाली पुन्हा अंधार झाला. झरोक्यातून भागीरथाबाईंना पडदा दिसत होता, लहानसा, दूरचा. दार उघडलं. गोऱ्या नायिकेनं पोर घेतलं. बाबूनं रिकामे हात झटकले आणि गाणं म्हणत बागेत धावला. इतक्या जवळून, मशीनच्या घरघरीत, ते त्यांना पहिल्यांदाच भयंकर वाटलं. हात झटकले त्यानं. एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही.

"देवमनभाऊ," त्या म्हणाल्या, "मी हिले नेयाले आली."

"मालूम हाये. पिशवी पाह्यली मी."

"मालूम हाये, तं मंग माह्या हाती काहून देल्ली?"

"तुमची नात हाये, मावशी." तो मशीनकडेच पाहत होता. "तुमच्या हाती नाही देनार तं कोणाच्या देऊ?"

मग तो उठला आणि स्वतःच सामान गोळा करू लागला. बाटली, वाटी-चमचा, वाळलेले लंगोट नीट घडी करून. एकेक वस्तू पिशवीत ठेवताना सांगत गेला, हळू आवाजात, जणू मशीन ऐकेल म्हणून.

"दूध कोमट पाह्यजे, जास्त गरम नको. मुगाच्या वरनाचं पानी पेते, तुरीच्या वरनानं पोट दुखते तिचं. डाव्या कुशीवर निजत नाही. राती उठली तं दिवा लावू नका, घाबरते. अंधारातच बोला तिच्याशी, काहीही बोला, पिच्चरची गोष्ट सांगतली तरी चालते. कान धरते ती आपला. धरू द्या. कान हातात राह्यला का झोपते. अन्..." त्यानं पिशवीचा बंद ओढला. "अन् किसनभाऊले सांगा, ताप आला तं वाट नका पाहू. चतुराची मी एक दिवस वाट पाह्यली होती."

 भागीरथाबाईंनी पाच लेकरं वाढवली होती. गल्लीतल्या प्रत्येक पोराचा दात कधी आला ते त्यांना सांगता येत होतं. त्यांना किसनची खाली घातलेली मान आठवली, इंदूचं मोकळं मन आठवलं, बेबीताईचं हसणं आठवलं. त्या दोघांना हे सगळं हळूहळू कळलं असतं, यात शंका नव्हती. आणि तोवर ही पोरगी अंधारात कुणाचा कान शोधत राहिली असती?

पोरगीनं काडी टाकून दिली होती. ती भागीरथाबाईंच्या मांडीवरून मामाकडे टक लावून पाहत होती. रडत नव्हती. नुसती पाहत होती. देवमनचे हात पिशवीच्या बंदाशी थांबले होते. त्यानं ते पुढं केले नाहीत.

भागीरथाबाई उठल्या. पिशवी त्यांनी पालथी केली, तसं सगळं सामान झोळीखाली पसरलं, आणि त्यात त्यांनी आणलेलं नवं झबलंही पडलं.

"काय झालं, मावशी?"

"एवढं माह्या ध्यानात नाही राह्यत, बापा," भागीरथाबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "बुढी झाली मी. धर, तूच सांभाळ तुही पोरगी."

देवमननं तिला घेतलं. तिचा हात लगेच त्याच्या कानाकडे गेला.