कौसल्याबाईच्या टाचा

"चपला घाला तिला," रामप्रसाद तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा राजानंद कौसल्याबाईच्या टाचेला भेगा पाडत होता. टाच मेणाची, बाई मेणाची, आणि रामप्रसाद टेंभुर्णीच्या पुतळा समितीचे अध्यक्ष.

शहरातल्या मस्तगड भागात, पत्र्याच्या शेडमध्ये राजानंद तीस वर्षं पुतळे ओतत होता. कौसल्याबाई त्याच्याच गावची, टेंभुर्णीची. दुसऱ्यांच्या रानात खुरपून-वेचून तिने एक एकर घेतलं आणि म्हातारपणी ते मुलींच्या शाळेला देऊन टाकलं. जन्मभर अनवाणी चालली. लहानपणी आईबरोबर रानात जाताना राजानंद त्याच टाचांमागून चालायचा. रामप्रसादांचं म्हणणं एवढंच, की अनावरणाला मोठी माणसं येणार, असले पाय पाहून गावाची अब्रू जाईल. बाई जिवंत होती तेव्हा मात्र गावाच्या अब्रूला ते पाय कधी दिसले नव्हते.

"अजून मेणच हाय ना, राजानंदभाऊ? घंटाभराचं काम. न्हाई केलं तर आम्ही पुतळा घेणार न्हाई."

बारीक माती आणि शेण कालवलेला लेप राजानंदने जवळ ओढला आणि ब्रशने आधी टाचांनाच फासला. एकदा माती चढली की मेणाला हात लावता येत नाही. भट्टीत मेण वितळून जातं, त्या पोकळीत ब्राँझ ओततात आणि मेणावर जे होतं तेच कायमचं उरतं. हे रामप्रसादांना त्यानेच पहिल्या दिवशी समजावलं होतं.

"झालं," तो म्हणाला. "आता तिच्या पायात कुणाला काही घालता येत न्हाई. तुम्हाला बी न्हाई अन् मला बी न्हाई."

रामप्रसाद तणतणत गेले. पण पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे पुतळा त्यांनी मुकाट्याने नेला. आपण जिंकलो म्हणून राजानंद दोन दिवस खुशीत होता.

अनावरणाच्या सकाळी शेवटचा हात फिरवायला तो मुलीला, प्रीतीला, घेऊन टेंभुर्णीला गेला. प्रीतीने पुतळ्यावरचं कापड जरा उचललं आणि तशीच थांबली.

"बाबा, पाय न्हाईत."

चौथऱ्याचं सिमेंट घोट्यांच्या वर चढवलं होतं. मिस्त्री म्हणाला, अध्यक्षांनीच सांगितलं. राजानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली, चौथऱ्यावर मांडी घातली आणि पहिला घाव घातला.

रामप्रसाद धावत आले. आधी दरडावलं, मग हात जोडले, पाहुणे अंबडहून निघाले म्हणाले.

"येऊ द्या," राजानंद मान वर न करता म्हणाला. "मी काम करून राह्यलो."

स्वागतगीताला रांगेत उभ्या केलेल्या मुली गाणं विसरून बघत होत्या. कुणीच त्याला हात धरून उठवलं नाही.

पाहुण्यांची गाडी चौकात आली, तेव्हा डावी टाच भेगांसकट मोकळी झाली होती. राजानंद उठला नाही. उजवा पाय अजून बाकी होता.