सुरकुत्या पाडणारे गृहस्थ

बॅगेची चेन उघडली आणि वाफवाले दोन पावलं मागे सरकले. आत सहा शर्ट होते. सहाच्या सहा कडक इस्त्रीचे, स्टार्च केलेले, बाह्या पाठीमागे दुमडून एकावर एक चळत रचलेले.

"काय झालं काका? पाल निघाली का?" शेजारच्या काउंटरवरच्या मिक्सरवालीनं विचारलं.

"इस्त्री," असं म्हणून वाफवाले स्टुलावर बसले.

दुसऱ्या कुणाच्या बॅगेत इस्त्रीचे कपडे निघाले असते तर त्यानं घरच्यांना दुवा दिला असता. वाफवाल्यांचं तसं नव्हतं. त्या चार मजली दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर ते गेली नऊ वर्षं कपड्यांचा स्टीमर चालवून दाखवत होते. खाली पाण्याची टाकी, वर खांब, खांबाला शर्ट टांगलेला आणि हातात लांब नळीचं वाफ सोडणारं तोंड. दिवसाला सहा प्रयोग, सहा शर्ट. लोकांना वाटे, यांचं काम सुरकुत्या काढायचं. ते काम यंत्र करत असे. वाफवाल्यांचं खरं काम सुरकुत्या पाडायचं होतं.

आणि हे काम सोपं नाही. सुरकुती दिसायला भयंकर आणि स्वभावानं गरीब असावी लागते. शर्ट टांगल्याबरोबर तिसऱ्या रांगेतल्या बाईनं "अगं बाई!" म्हणायला हवं, पण पंधरा सेकंद वाफ दिली की सुरकुतीनं मुकाट्यानं निघून जायला हवं. त्यासाठी वाफवाले रोज संध्याकाळी शर्टावर चिमूटभर पाणी शिंपडत, पीळ घालत, सुतळीनं बांधत आणि गच्च बॅगेत भरून ठेवत. पीळ किती वेळा, पाणी किती थेंब, हे त्यांचं त्यांनाच माहीत. "लोकांचे नवरे कपडे नीट करून कामाला जातात, आमचे चुरगळून नेतात," असं त्यांची बायको शेजारणींना सांगे. तेही ते मुकाट्यानं ऐकून घेत.

घरी त्यांचं बोलणं "हं" एवढंच होतं. बायको बोलकी. सासूबाई राहायला आल्या की त्या दोघी बोलत आणि वाफवाल्यांना "हं" म्हणायलाही फट मिळत नसे. पण इथे, तीन हात लांबीच्या काउंटरमागे उभे राहून ते बोलू लागले की चाळीस माणसं तोंड उघडं टाकून ऐकत. नऊ वर्षांत इथे त्यांचं एकही वाक्य कुणी अर्ध्यात तोडलं नव्हतं.

आज चार वाजता मुख्य कचेरीतले साहेब प्रयोग बघायला येणार होते. काउंटर ठेवायचं की बंद करायचं, ते ठरणार होतं. बंद झालं तर वाफवाल्यांची रवानगी तळघरात, पॅकिंगला. तिथे खोकी होती आणि चिकटपट्टी होती. खोकी काही ऐकत नाहीत.

आणि सासूबाई कालच आल्या होत्या.

वाफवाल्यांनी घरी फोन लावला.

"अहो, आईला राहवलं नाही," बायको म्हणाली. "पहाटे उठून तुमची बॅग उघडली तिनं. सुतळीनं बांधलेले शर्ट बघून रडायलाच लागली. मी झोपले होते हो! थांबा, तिलाच देते."

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज भरून आला होता, "माझ्या मुलीनं तुमचे हे हाल केलेत, आणि तुम्ही कधी चकार शब्द बोलला नाहीत. चांगली झापलीय तिला मी."

"हं," वाफवाले म्हणाले.

"खळ घातलीय दाबून. आठवडाभर आडवे-तिडवे लोळलात ना, तरी चुरगळायचे नाहीत."

वाफवाल्यांनी फोन ठेवला. या बाईंवर रागावणार तरी कसं? पहाटे उठून, दुखऱ्या गुडघ्यांनी उभं राहून त्यांनी सहा शर्ट केले होते. नऊ वर्षांत वाफवाल्यांसाठी कुणी इतकं केलं नव्हतं. आणि इतकं नुकसानही कुणी केलं नव्हतं.

"काका, हातपाय गाळू नका," मिक्सरवाली म्हणाली. "अकराच वाजलेत. आणा इकडे एक." ती देहानं भरभक्कम होती. तिनं शर्ट खुर्चीवर टाकला, त्यावर बसकण मारली आणि बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना गाजराचा रस काढून दाखवू लागली. फ्रिजवाल्यानं एक शर्ट फ्रिजखाली घातला. कॅशियरनं एक खिशात कोंबला. सोफ्यांच्या विभागात एक उशीखाली गेला. दुपारचे सगळे प्रयोग "यंत्र तापतंय" असं सांगून मिक्सरवालीनंच पुढे ढकलले.

पावणेचारला शर्ट परत आले. फ्रिजखालचा तीन ठिकाणी पुठ्ठ्यासारखा मोडला होता. खिशातल्याची घडी बदलली होती, एवढंच. त्यातल्या त्यात मिक्सरवालीचा बरा होता. "पाच तास हलले नाही मी," ती अभिमानानं म्हणाली. वाफवाल्यांनी सुरकुत्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुरकुत्या होत्या, पण हट्टी होत्या.

साहेब बरोबर चारला आले. पन्नाशी उलटलेले, अंगात गडद कोट, गळ्याशी पांढरीशुभ्र ताठ कॉलर. बरोबर मजल्याचा मॅनेजर, हात बांधून. गर्दीही जमली होती.

"मंडळी," वाफवाल्यांनी सुरुवात केली, "पहिली गोष्ट, घाई करू नका. पाणी नीट उकळू द्या, नाहीतर वाफेऐवजी थेंब उडतात. दुसरी गोष्ट, कपडा खालून हलका ताणा. तिसरी गोष्ट, दाबू नका. ही इस्त्री नाही. इस्त्री दटावते, वाफ समजूत काढते."

लोक हसले. वाफवाल्यांनी वाफ सोडली. पंधरा सेकंद झाले. तीस झाले. स्टार्च भिजून शर्ट लिबलिबीत झाला, पण सुरकुत्या जागच्या हलल्या नाहीत. एक मिनिट झालं. गर्दीत कुणीतरी खाकरलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मॅनेजरनं छताकडे पाहिलं.

वाफवाल्यांना आयुष्यात खोटं कधी वेळेवर सुचलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "या माझ्या सुरकुत्या नाहीत."

"म्हणजे?"

"माझ्या मी रोज घरून पाडून आणतो. त्या अशा वागत नाहीत."

गर्दीत खसखस पिकली. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे नऊ वर्षं तुम्ही लोकांना फसवताय?"

"नाही साहेब. सुरकुत्या खऱ्याच असतात. फक्त मेहनत माझी असते. आज या सासूबाईंच्या आहेत."

यावर जे हसू उसळलं ते जिन्यावरून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं असावं. मॅनेजरनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मिक्सरवाली ओरडली, "अहो, साहेबांचाच कोट घ्या की! पाठ बघा, गाडीत बसून पार चुरगळलीय!"

"नको, नको," साहेब घाईनं म्हणाले. ही घाई जरा जास्तच होती. पण गर्दीला आता सूर सापडला होता. "काढा साहेब! होऊ दे साहेब!" असा गिल्ला झाला. साहेबांनी एक-एक करत बटणं काढली आणि अंग चोरत कोट वाफवाल्यांच्या हातात दिला.

वाफवाल्यांनी पाहिलं. शर्टाची कॉलर कडक, पुढची बटणपट्टी कडक, मनगटाच्या पट्ट्या कडक. बाकी सगळा शर्ट, पाठ, खांदे, बाह्या, नुसता बोळा. कोटातून जेवढं दिसतं तेवढीच इस्त्री. दुसऱ्या कुणाला तो गबाळेपणा वाटला असता. वाफवाल्यांना सुरकुत्या वाचता येत होत्या. शर्ट न झटकता खुर्चीच्या पाठीवर वाळवला होता. कॉलरला तीन-तीनदा इस्त्री फिरवली होती, शिकाऊ हातानं, जीव लावून.

पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी एकमेकींना कोपर मारलं.

"साहेब, इकडे या, माझ्या मागे," वाफवाले मोठ्यानं म्हणाले. "भिंतीला पाठ लावून उभे राहा. वाफ अंगावर आली तर पोळेल. मंडळी, तुम्हीपण दोन पावलं मागे! अजून मागे!" साहेब उभे होते तिथवर वाफ पोचणं शक्य नव्हतं. वाफवाल्यांनी खांबावर कोट ऐसपैस पसरला, स्वतः त्याच्या बाजूला छाती फुगवून उभे राहिले आणि साहेब गर्दीला दिसेनासे झाले.

मिनिटाचं काम होतं. वाफवाल्यांनी ते लांबवलं. आधी अस्तर उलटं करून आतून वाफ, मग खालून वर, मग खांदे. तोंडानं अखंड बडबड चालू होती. तिच्याआडून मागून बारीक आवाज आला.

"बायको गेली. दीड वर्ष झालं. मला कॉलर आणि पट्टी एवढंच जमतं."

"कॉलर झकास जमलीय," वाफवाले मागे न बघता पुटपुटले आणि गर्दीला म्हणाले, "खांद्याला घाई करायची नाही, मंडळी!"

मग साहेब म्हणाले, "तुमचं काउंटर बंद होतंय. मी निघायच्या आधीच कागद झालाय. मी नुसता बघायला आलो होतो."

वाफवाल्यांचा हात थांबला. नळीच्या तोंडातून गरम पाण्याचे दोन थेंब त्यांच्या बुटावर पडले. फार वाईट वाटलं त्यांना, आणि रागही आला. नुसतं एक पाऊल बाजूला सरकलं असतं, तरी साहेबांची पुरती शोभा झाली असती. हे त्यांच्या मनात आलं, खोटं कशाला सांगा. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"आता दुसरा खांदा," ते म्हणाले आणि त्यांनी तोही केला.

मग खांबावरून कोट काढून त्यांनी तो आपल्या पाठीमागे पसरून धरला. साहेबांनी मुकाट्यानं हात घातले. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लागल्याचा अंदाज आल्यावरच वाफवाले बाजूला झाले. "फिरा साहेब, पाठ दाखवा मंडळींना."

कोटाची पाठ नव्यासारखी दिसत होती. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी मॅनेजरनं वाजवल्या, त्याला अजून काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः चहा आणून दिला. "जावईबापू, साहेब खूश झाले की नाही शर्ट बघून?"

"काउंटर गेलं," वाफवाले म्हणाले. "एक तारखेपासून तळघरात."

मायलेकी दोघीही गप्प झाल्या. त्या घरात इतकी शांतता वाफवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकली. त्या शांततेचं काहीतरी करायला हवं म्हणून ते बोलू लागले. बॅगेपासून सुरुवात केली. मिक्सरवाली शर्टावर बसली तिथे बायकोला हसू फुटलं. फ्रिजखालच्या शर्टाला ती पोट धरून वाकली. सुरकुत्या सासूबाईंच्या आहेत असं भर गर्दीत सांगितल्याचं ऐकून सासूबाई आधी फुरंगटल्या आणि मग त्यांनाच सगळ्यात जास्त हसू आलं. चहा निवला तरी कुणी उठलं नाही. कुणी मध्ये बोललंही नाही.

"मग साहेबांनी कोट काढला?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

"काढला."

"आतला शर्ट कसा होता हो?" सासूबाई पुढे सरकल्या. "एवढा मोठा साहेब, घरचं माणूस किती नीटनेटकं असेल. खरं सांगा, माझ्यापेक्षा चांगली इस्त्री होती?"

वाफवाल्यांनी कप खाली ठेवला.

"पांढरा होता," ते म्हणाले. "एक सुरकुती नव्हती."