अकरा नावांखालची कोरी ओळ

"अंगठा काढा मास्तर, फोटोत येतोय," हरिश्चंद्र म्हणाला आणि देवजीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

सकाळपासून हा तिसरा अंगठा. तलासरीच्या मिशनमध्ये मुंबईहून कॅमेरा घेऊन आलेला हरिश्चंद्र बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या पानापानाचा फोटो घेत होता. त्या फिल्मा आगबोटीने परदेशी जाणार होत्या आणि तिथे डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत राहणार होत्या. आत ना वाळवी, ना ओल. खरं तर देवजीने आनंदाने नाचायला हवं होतं. पाद्री आले नि गेले, पण मिशनचा धर्मशिक्षक म्हणून वीस वर्षं या वह्या त्यानेच जिवापाड जपल्या होत्या. कडुनिंबाचा पाला घालायचा, पावसाळ्यात चुलीजवळ वाळवायच्या. कुठे शाईचा डाग पडला तर दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे. पण आज त्याचा अंगठा पानांवरून हटत नव्हता. टेबलावर सत्तावन्न सालची वही उघडली होती आणि दारात त्याची बायको बायजा उभी होती.

नऊ वर्षांत ती या खोलीत कधी आली नव्हती.

"समदं डोंगरात जातं ना?" तिने विचारलं.

"जातं."

"मंग माझ्या हिरूचं नाव कंचं तं दाखव. एकदा हात लावतें."

हिरू त्यांची एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा फादर सुट्टीवर गेले होते. ते परतले की नाताळात त्यांच्याच हातून, पांढरा झगा घालून थाटात बाप्तिस्मा करायचा, असा देवजीचा हट्ट. तेवढ्यात पाड्यांवर गोवर आला. फादर नसताना, अडल्या वेळी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायची देवजीला मुभा होती. आठ महिन्यांच्या हिरूलाही ताप होता, पण तो तिला पाणी न घालताच शेजारच्या बुधीबाईकडे ठेवून निघाला. बायजा गवत कापायला गेली होती. दोन दिवस तो पाडे तुडवत राहिला आणि मरायला टेकलेल्या अकरा पोरांच्या डोक्यावर त्याने पाणी घातलं. घरी आला तेव्हा बुधीबाई बायजाला बोलवायला धावली होती, आणि हिरू गोधडीवर गार पडली होती. थोड्या वेळाने बायजा विळ्यासकट धावत आली. "मी येलंवर आलो, पानी घातलं," असं तो तिला म्हणाला. त्या शब्दावर पोर, बाप्तिस्म्याशिवाय मिळत नाही अशा चर्चच्या मातीत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने वहीत अकरा नावं उतरवली आणि खालची ओळ कोरी ठेवली. बायकोशी खोटं बोलणं जमलं, वहीशी जमलं नाही.

"दाखवा ना मास्तर बाईंना," हरिश्चंद्र भाबडेपणाने म्हणाला.

देवजीचं बोट अकराव्या ओळीवर गेलं. तिथे सुकऱ्याच्या पोरीचं नाव होतं. बायजाला अक्षर येत नव्हतं. तिला काय कळणार होतं? बोट क्षणभर तिथेच टेकलं. मग ते खाली कोऱ्या ओळीवर घसरलं.

"तिचं नाव नाय इथं," तो म्हणाला. "मी आलो तवा ती गेली होती. मी खोटं बोललो, बायजा."

"ठावं हाय मना."

देवजीने वर पाहिलं.

"तिचं डोकं कोरडं होतं," बायजा म्हणाली. "केस वाऱ्यानं उडत होतं."

"मंग नऊ वर्सां बोलली का नाय?"

"दुसऱ्यांच्या अकरा पोरांना पानी घालून आल्तास. हात कापत होतं तुझं. काय बोलू?" ती टेबलाजवळ सरकली. "आता लिव. त्या डोंगरात कोन बघाया जातं?"

देवजीने टाक दौतीत बुडवला. सगळं आयुष्य ज्या हाताने लोकांची लेकरं लिहिली, त्या हाताने आपलं एक लेकरू लिहायला कितीसा वेळ लागला असता. टाक कोऱ्या ओळीवर आला. हिरूचं बाप्तिस्म्याचं नाव त्याला पाठ होतं, मार्था, नाताळासाठी त्यानेच निवडलेलं. निबेवरची शाई वाळून गेली तरी त्याचा हात हलेना. त्याला हंबरडा फोडावासा वाटला, पण समोर परका माणूस होता.

"नाय लिवता येत," तो म्हणाला. "हे एक खोटं लिवलं तं वरची अकराही खोटी होतील."

बायजाने पदराला हात पुसला आणि विळ्याच्या जुन्या वणांनी भरलेला पंजा त्या कोऱ्या ओळीवर ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा.

"बाई, हात फोटोत येतोय," हरिश्चंद्र म्हणाला.

"घ्या फोटो," देवजी म्हणाला.

"पान खराब दिसेल, मास्तर."

"दिसू द्या."

खटका वाजला. हरिश्चंद्र पान उलटण्याची वाट पाहत थांबला. बायजाचा हात अजून तिथेच होता, आणि देवजीने पान उलटलं नाही.