कंग्राळीतला व्हिसा अधिकारी

सातासमुद्रापार सरकार बदललं आणि इकडे कंग्राळीत पारमिताची झोप उडाली. तिथल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण शिकायला आलेली पोरं परत जात नाहीत, अशी नव्या सरकारला शंका होती. व्हिसाची मुलाखत परवावर आली होती.

तालमीसाठी तिचे वडील आण्णाप्पा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर खुर्ची टाकून अधिकारी होऊन बसले. समोर रताळ्याच्या शेतावर धुकं उतरलं होतं. बांध ओलांडला की पलीकडे त्या विद्यापीठातला आपला वर्गच भरलेला असेल, असं पारमिताला उगाच वाटत राहिलं.

"मॅडम, कुठल्या राज्यातनं आलाय?"

"कर्नाटक."

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. "नुसतं कर्नाटक कसं गं? सीमाभाग म्हण. खटला चालू हाय म्हणून सांग."

"आप्पा, तिथं दोनच मिनिटं देतात."

"मग थोडक्यात सांग. छप्पन सालापासनं."

ती हसली. आप्पांनी घसा खाकरला. "शिकून परत येणार कशावरनं?"

"साहेब, आमची माणसं सत्तर वर्षं दुसऱ्या राज्यात जातो म्हणतात, अन् अजून कुणी ओटा सोडला न्हाय. मी कुठं राहतीय तिकडं?"

"मंजूर!" आप्पा म्हणाले. मग खुर्ची सोडून पायरीवर बसले आणि हळूच विचारलं, "आता साहेब गेला. खरंच येशील न्हवं?"

सरकारला काय सांगायचं ते पारमितानं पाठ केलं होतं. आप्पांना काय सांगावं याचा विचार करत ती त्यांच्या शेजारी टेकली, आणि बराच वेळ दोघांनाही उठावंसं वाटलं नाही.