पाण्यानं गेलेली रानफुलं

"बियाणंच भिकार," असं पुटपुटत बाबांनी पिवळं पडलेलं आणखी एक रोप उपटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकून आईचं डोकं तापलं. ते बी तिनं स्वतः उन्हातान्हात माळावर वेचलं होतं. माळावर त्याला कोण पाणी घालायला जातं? इथे मात्र पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झाल्यापासून बाबा तिन्ही त्रिकाळ नळी धरून उभे. मुळं कुजली, तरी खापर मातीवर, नाहीतर शेजारच्या मांजरावर. घरात सगळ्यांना कळत होतं, पण मुलगा पेपरात डोकं घालायचा आणि सून म्हणायची, "जाऊ द्या ना आई, वेळ जातो त्यांचा."

आता कळी धरलेलं एकच रोप उरलं होतं. बाबांनी नळ सोडला, तशी आई तरातरा बाहेर गेली आणि नळीवर पाय देऊन उभी राहिली.

"अगं, पाय काढ. सुकेल ते."

"सुकत नाही ते. नोकरी संपली, तुम्हाला घरात काही काम उरलं नाही, म्हणून माझी फुलं मारलीत तुम्ही."