काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं

माझ्या जावयांना जन्मापासून दिसत नाही. लेकीने त्यांच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी आठ दिवस घरात तोंड फुगवून होते. पुढे राग गेला, पण अवघडलेपण राहिलं. त्यांच्याशी बोलताना कुठे बघावं तेच मला कळायचं नाही. मग मी सगळं लेकीमार्फत करायची. ते समोर बसलेले असायचे आणि मी तिला विचारायची, "त्यांना चहा हवा का गं?" तेच उत्तर द्यायचे, "हवाय, आई." अशी तीन वर्षं गेली.

मी शिवणकाम करणारी बाई. चाळीस वर्षं मशीन चालवली. यंदा मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनसाठी लेकीकडे येऊन राहिले. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस सगळंच धूसर. डोळ्यांत घालायच्या औषधांच्या दोन बाटल्या, दोन्ही सारख्याच. कुठली सकाळची आणि कुठली संध्याकाळची, काही उमजेना. एका सकाळी बघते तर सकाळच्या बाटलीला एक रबरबँड गुंडाळलेलं, संध्याकाळच्या बाटलीला दोन. कोणी केलं ते विचारायची गरज नव्हती. मी आभार मानले नाहीत. लेकीला म्हटलं, "त्यांना सांग, बरं झालं." झालं, एवढंच.

जावई घरूनच काम करतात. डॉक्टर लोक आपल्या पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो, तेही इतक्या घाईघाईने की मला त्यातलं अक्षर कळत नसे. दिवसभर ती कटकट ऐकून माझं डोकं उठायचं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती कटकट थांबली आणि बराच वेळ सुरूच झाली नाही. मी खोलीत डोकावले. जावई दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते. पडदा काळाकुट्ट, वरच्या कोपऱ्यात दोन ओळी पांढरी अक्षरं.

"काय झालं?" मी विचारलं. लेक कामावर गेलेली, तेव्हा विचारायचं ते थेट त्यांनाच.

"माझीच चूक, आई. डिस्कचे भाग पाडलेले असतात, त्यातल्या एका भागाच्या नावाचं अक्षर बदलायचं होतं. यादीत बाण एक घर कमी दाबला. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी घाईत हो म्हटलं. मग मशीन बंद करून चालू केलं, तर आता बोलतच नाही."

"दुकानात न्यायचा का?"

"फोन केला होता. दुकानवाला म्हणतो, सगळं पुसून नव्याने टाकून देतो. माझी आठ वर्षांची कामं आहेत त्यात. आणि चार वाजेपर्यंत अकरा रिपोर्ट पाठवायचेत. त्यातल्या दोघांची उद्या सकाळी ऑपरेशनं आहेत."

लेकीचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो. जावयांच्या मोबाइलमध्ये छापील मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे, पण तो मोबाइल या जुन्या पडद्यासमोर धरला की काहीच्या बाहीच बोलत होता.

"काय करायचं ते मला साधारण माहीत आहे," ते म्हणाले. "पण समोर काय लिहून येतंय ते कळल्याशिवाय हात लावायची हिंमत होत नाही."

मी पदराने चष्मा पुसला. "मला इंग्रजी येत नाही. पण अक्षरं येतात. एस, एम, एल, एक्सएल तर झोपेतही येतात."

ते हसले. "तेवढं पुष्कळ झालं. बसा."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि एकेक अक्षर सांगू लागले. "बी. ओ. पुन्हा ओ. टी. एम. जी. आर." पुढचं लहान लिपीतलं होतं, तिथे अडखळले, पण त्यांनी टेबलावर थाप मारली.

"बस्स! मला हेच वाटलं होतं. डिस्क धडधाकट आहे. सुरू व्हायचं कुठून, तेवढं ती चुकीच्या भागात शोधतेय."

त्यांनी ड्रॉवरमधून अडीअडचणीसाठी ठेवलेला एक पेनड्राइव्ह काढून लावला. मशीन पुन्हा चालू केलं, कुठलं कुठलं बटण दाबलं. रांगेतून यूएसबी लिहिलेली ओळ मी निवडून दिली. थोड्या वेळाने निळा पडदा आला, मग त्यांनी दोन बटणं एकदम दाबली आणि काळी चौकट उघडली.

"आता काय दिसतंय?"

"एक्स. मग दोन टिंबं, एकावर एक. मग तिरकी रेघ."

"कुठे झुकलेली?"

"वरचं टोक डावीकडे. तिरपं कापड लावतो ना, तशी."

"ते कापडाचं मला कळलं नाही, पण डावीकडे ते कळलं. बरोबर आहे. आता एक नियम, आई. मी टाइप करणार, तुम्ही वाचणार, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी एंटर दाबणार नाही. इथे चुकलं तर खरंच सगळं पुसलं जाईल."

हा नियम माझ्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकाचं भारी कापड समोर असलं की कात्री लावण्याआधी मीही असंच करायची. डोळ्यांत तेल घालून वाचा म्हणतात. मी तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून वाचत होते.

पहिली यादी आली. दोन ओळी.

"हं. या डिस्क आहेत," ते म्हणाले. "आपली शून्य नंबरची." आणि त्यांनी शून्य टाइपही केलं. "वाचा."

"वाचते, पण थांबा जरा. आपली मोठी ना? शून्याच्या पुढे चौदा लिहिलंय. एकाच्या पुढे चारशे पासष्ट."

त्यांचं बोट एंटरवरून उचललं गेलं.

"शून्य म्हणजे पेनड्राइव्ह आहे," ते म्हणाले. "नेहमीच्या सवयीने दाबणार होतो. मोठा अनर्थ झाला नसता बहुतेक, पण अर्धा दिवस नसत्या ठिकाणी शोधत बसलो असतो. आई, तुम्ही होतात म्हणून."

"पुढचं बोला," मी म्हटलं.

त्यांनी शून्य पुसून एक टाकलं. मी हो म्हटलं. मग त्या डिस्कच्या भागांची यादी आली. पहिला पाचशे, दुसरा शंभर, तिसरा तीनशे पासष्ट.

"पाचशे सगळ्यांत मोठा," मी म्हटलं.

"पाचशेच्या पुढे एम आहे की जी?"

मी पडद्याला नाक लावलं. "एम. बाकी दोघांपुढे जी."

"मग तोच सगळ्यांत लहान. मशीन सुरू होतं ते तिथूनच, तोच आपल्याला हवाय." लहान काय, मोठा काय, मला ताळमेळ लागला नाही, पण त्यांच्या आवाजात जोर आला होता. त्यांनी पहिला भाग निवडला, मी हो म्हटलं. मग त्यांनी एकच शब्द टाइप केला. मी वाचला, "ए, सी, टी, आय, व्ही, ई."

"नक्की?"

"नक्की."

एंटर. खाली एक लांब ओळ उमटली. ती पूर्ण सांगायला मला चांगली तीन मिनिटं लागली. शेवटचं अक्षर सांगून झाल्यावर जावयांनी मोठा श्वास सोडला, पेनड्राइव्ह काढला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

आता वाचायला काही नव्हतं. पडदा काळा. मशीनमधला पंखा घरघरत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मी त्यांचं मनगट घट्ट धरलंय हे मला नंतर कळलं.

मग छोटी धून वाजली, आणि पाठोपाठ तो घाईघाईचा आवाज सुरू झाला. माझा जीव भांड्यात पडला. जावयांनी डोकं मागे टाकलं आणि लहान मुलासारखे हसत सुटले.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"काही नाही हो. किती वाजले ते सांगतोय. साडेबारा."

त्यांनी आधी आपल्या फायली तपासल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मग हेडफोन लावले. मी पाव भाजून नेऊन ठेवले, ते त्यांनी एका हाताने खाल्ले. चारला दहा मिनिटं कमी असताना अकरावा रिपोर्ट गेला.

हेडफोन काढून ते माझ्या दिशेने वळले. "आई, आज तुमच्या डोळ्यांनी माझं काम वाचवलं."

मी खूप दिवस साठवलेलं बोलून टाकलं. "आभार तुम्ही मानू नका. बाटल्यांना रबरबँड लावलंत, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आज बोलते. फार बरं वाटलं होतं हो मला. कोणी न सांगता तुम्ही माझी अडचण ओळखलीत. आणि आज हे नवे डोळे घेऊन बसले होते, त्यांना काम दिलंत."

टेबलावर चाचपून त्यांनी माझा हात शोधला आणि जरा वेळ धरून ठेवला.

नंतर मी स्वयंपाकघरात भांडी घासायला उभी राहिले. बाहेरच्या खोलीत जावई कुठल्याशा मित्राला फोनवर सगळी हकीकत सांगत होते. "नाही रे, दुकानात नाही नेला. आमच्या आईंनी दुरुस्त केला. अरे, मी शून्य दाबणार होतो, त्यांनी थांबवलं..."

नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला.