मागितलं किती, लागलं किती

मोहर्लीजवळच्या त्या गावात जंगलाच्या चार वाटांवर कॅमेरे बसवले होते. वाघ दिसला की गावातल्या कॉम्प्युटरने भोंगा वाजवायचा आणि पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांनी थांबायचं, असा बेत. पण पडद्यावरचं चित्र मध्येच उडी मारायचं. आत्ता वाटेवर असलेली गाय क्षणात बांधापलीकडे दिसायची. मधली चित्रं जातात कुठे, याचा ही सगळी जोडणी करून देणाऱ्या उमेराच्या डोक्याला भुंगा लागला होता.

चिमूरला तिचं आणि धाकट्या भावाचं, अनसचं, नेटवर्क जोडणीचं दुकान होतं. येणारी चित्रं कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डात घटकाभर थांबतात, ती जागा म्हणजे बफर. तोच लहान पडत असेल, म्हणून तिने कार्डाची सेटिंग बदलायला अनसने बनवलेल्या टूलमध्ये मोठा आकडा टाकला. टूलने हिरव्या अक्षरांत ‘झालं’ म्हटलं. तिनेही मोहफुलं वेचणाऱ्या मनकर्णाबाईंना झालं म्हणून सांगितलं. मनकर्णाबाई निघाल्या की बाकीच्या बायका निघायच्या.

चित्र मात्र उड्या मारायचं थांबेना. उमेराने केबल बदलली, स्विच बदलला, कॅमेऱ्यांवरची जळमटं झटकली. शेवटी तिने कधी न केलेली गोष्ट केली. कार्डाला हुकूम सोडण्याऐवजी विचारलं, बाबा रे, तुझा बफर आत्ता आहे तरी केवढा? उत्तर आलं, मागितला त्याच्या निम्मा. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, ड्रायव्हरची, मर्यादाच तेवढी होती. टूलने तिचा आकडा गुपचूप छाटला होता आणि झालं म्हणून मोकळं झालं होतं.

तिने अनसला फोन लावला. त्याला यात काही वावगं दिसेना. लाल अक्षरं पाहून गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून जमेल तेवढं लावून द्यायचं, असं त्याचं म्हणणं. उमेराला हसू आलं आणि रागही आला. ही तर अब्बांच्या शिलाईच्या दुकानातली रीत! रफीक टेलरने उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. कापड कमी असलं तरी ‘हो जायेगा’, आणि ऐन लग्नात कळायचं की बाही आखूड आहे.

मग टूलने करावं तरी काय? सरळ नकार दिला तर जुना, आणखी लहान बफर तसाच राहतो. छाटून लावलं तर थोडं तरी पदरात पडतं. ती बराच वेळ स्वतःशीच भांडली. अखेर तिने टूल बदललं. मर्यादेबाहेरचं मागितलं तर कशालाही हात लावायचा नाही, मर्यादा किती ते सांगायचं, पुढचं माणसाने ठरवायचं.

आता ठरवणं तिच्यावर आलं. बफर वाढणार नव्हता, म्हणजे चार कॅमेरे या मशीनला झेपणार नव्हते. दोन बंद केल्यावर चित्र सलग चालू लागलं. राहिलं मनकर्णाबाईंना सांगणं. तिने त्यांना पडद्यासमोर बोलावलं.

“बाई, इतके दिवस वाट मोकळी दिसली, ते खरं धरू नका. मधलं काई दिसतच नोतं. आता दोनच वाटा नीट दिसते. तलावाची वाट दिसणार नाई, दुसरं मशीन येतपर्यंत.”

त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त कोणत्या दोन वाटा, ते नीट विचारून घेतलं. मग पडद्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, “काल आमी तलावाच्याच वाटेनं गेलो. भोंगा वाजला नाई म्हनून मी नातीले सगळ्याईच्या पुढं चालू देल्ली.”

उमेराला मान वर करवली नाही.